धोंड्याच्या महिन्यातली रांग

देवाशी माझं वैर नव्हतं, पण सलगीही नव्हती. सकाळी दिवा लावायचा, संध्याकाळी लावायचा, मधल्या वेळात त्यानं त्याचं काम करावं आणि मी माझं, असा आमचा सरळ व्यवहार होता. मी प्राथमिक शाळेत शिक्षिका. देवगाव फाट्यापासून दोन कोस आत आमचं गाव, आणि त्या गावात खडू हातात घेऊन उभी राहिलेली पहिली बाई मी. याचा मला अभिमान होता आणि तो मी कधी लपवलाही नाही. चार वर्षांची होते तेव्हा आई गेली, पाठोपाठ वडील गेले. परभणीच्या आत्यानं सातवीपर्यंत सांभाळलं, मग तीही गेली, आणि पुढचं सगळं शिक्षण मी वसतिगृहात राहून केलं. लग्नानंतर कुणी बाई सहज विचारायची, "माहेर कुठलं?" मी ताडकन सांगायची, "अध्यापक विद्यालयाचं वसतिगृह." समोरच्या बाईची पंचाईत व्हायची आणि मी ती निवांत बघत राहायची. हा माझा खोडकरपणा नव्हता, ती माझी ढाल होती, हे मला फार उशिरा कळलं.

माझा एक हट्ट पंचक्रोशीत प्रसिद्ध होता, तो म्हणजे रांग. पोरगा पाटलाचा असो की सालगड्याचा, माझ्या शाळेत आला की तो रांगेत. प्रार्थनेला रांग, पाण्याच्या माठापाशी रांग, दुपारच्या सुगडीच्या खाऊला रांग. एकदा तालुक्याहून तपासणीला साहेब आले होते. त्यांना तहान लागली आणि ते सरळ माठाकडे निघाले. मी म्हणाले, "साहेब, मुलं उभी आहेत." ते मुकाट्यानं मुलांच्या मागे जाऊन उभे राहिले. गावात ही गोष्ट पुढं दोन वर्षं सांगितली जात होती आणि मी दर वेळी नवीन असल्यासारखी ऐकत होते. वसतिगृहात ज्याच्या पाठीशी कुणी नसतं त्याला रांगच न्याय देते. तिथं तुमचा मामा कोण आणि बाप कोण हे विचारत नाहीत. तुमची पाळी आली की तुम्हाला मिळतं. एवढंच मी आयुष्यात शिकले होते आणि तेच मुलांना शिकवत होते.

त्या वर्षी ज्येष्ठात ह्यांना ताप आला. माझे मालक सेलूला कापसाच्या जिनिंगमध्ये मुकादम होते. माणूस शांत, बोलणं कमी, पण बोलतील ते असं की मी चिडत चिडत हसायची. ताप विषमज्वराचा निघाला. एकवीस दिवस अंगाचा नुसता तवा झाला होता. एके दुपारी ते मला ओळखेनात. मी त्यांच्या उशाशी बसून होते, आणि ज्या देवाशी जेवढ्यास तेवढं बोलणं होतं त्याला म्हणाले, हे उठून बसले तर येत्या अधिक महिन्यात आम्ही दोघं मिळून बेटावरच्या नारायणापुढं तेहतीस दिवे लावू. 'दोघं मिळून' हे शब्द माझ्या तोंडून का गेले ठाऊक नाही. पण गेले. आणि दिलेला शब्द मी मोडत नसते.

हे उठून बसले. त्या वर्षी श्रावण अधिक होता. आमच्याकडे त्याला धोंड्याचा महिना म्हणतात. तीन वर्षांनी एकदा येणारा हा महिना जावयाचा. या महिन्यात जावई म्हणजे साक्षात नारायण, म्हणून सासू-सासरे त्याला बोलावतात, पुरणाचे धोंडे करून जेवू घालतात, तांब्याच्या ताटात तेहतीस अनारसे आणि दिवा ठेवून त्याला वाण देतात. आमच्या जाऊबाईंच्या माहेराहून महिन्याच्या पहिल्याच आठवड्यात बैलगाडी आली. थोरल्या भाऊजींना वाण दिलं, धोतरजोडी दिली, सगळं घर अनारशांच्या वासानं भरलं. हे आतल्या खोलीत पडून होते. जाऊबाई मनानं वाईट नव्हत्या, पण बोलून गेल्या, "धाकट्या भाऊजींचा धोंडा कवा व्हायचा कोन जाने." मी म्हणाले, "आम्हाला असलं काही लागत नाही." आणि चुलीत विनाकारण एक लाकूड जास्त सारलं.

ह्यांच्या पायांत जोर यायला वेळ लागला. आज जाऊ, उद्या जाऊ करता करता महिन्याची अमावास्या उजाडली. शेवटचा दिवस. हा हुकला तर पुढचा अधिक महिना थेट तीन वर्षांनी. डॉक्टरांनी बजावलं होतं की हा ताप कधी कधी उलटतो. मी शिकलेली बाई, ताप का उलटतो हे मुलांच्या पुस्तकातून मी स्वतः शिकवत होते. तरी डोक्यातून एकच गोष्ट जात नव्हती. नवस फिटला नाही आणि ताप उलटला, तर मी कुणाला तोंड दाखवू? पहाटे बैलगाडीनं फाट्यावर आलो, तिथून एस.टी.नं सेलू, सेलूहून पाथरी, आणि पाथरीहून यात्रेची जादा गाडी. घाटावर पोचेपर्यंत साडेबारा वाजून गेले होते.

गोदावरीला आमच्याकडं गंगाच म्हणतात. त्या ठिकाणी गंगा दोन हातांनी एका बेटाला कवेत घेते आणि बेटावर काळ्या दगडाचं देऊळ आहे. उन्हाळ्यात गुडघाभर पाण्यातून चालत जाता येतं, पण श्रावणात नावेशिवाय इलाज नाही. घाटावर उतरले आणि आधी रांगेचं शेवटचं टोक शोधलं. रांग नावेच्या फळीपासून निघून पिंपळाला वळसा घालून, चहाच्या पालांवरून पार गावच्या मारुतीपर्यंत गेली होती. मोठी नाव एका खेपेला तीसेक माणसं न्यायची. पाण्याला ओढ होती, जाऊन यायला अर्धा तास लागत होता. आमच्यापुढं चारशे माणूस तरी होतं. म्हणजे तेरा-चौदा खेपा, म्हणजे सात तास, आणि शेवटची खेप दिवस असतानाच सुटणार. मी हे गणित तीनदा केलं. तिन्ही वेळा उत्तर तेच आलं.

हे गाठोड्यावर बसले. चेहरा पांढरा पडला होता. म्हणाले, "तुझ्या शाळेत असतो तर बसू दिलं नसतंस." मला हसू आलं नाही.

रांग वळून आल्यानं आमच्या जागेवरून फळी हाकेच्या अंतरावर, समोरच दिसत होती. मोठ्या नावेच्या शेजारी एक छोटी नाव होती. तिला रांग नव्हती. तिला म्हणायचे जावयाची नाव. या घाटाची जुनी रीत अशी की धोंड्याच्या महिन्यात जो जावई सासू-सासऱ्यांबरोबर वाण घेऊन येईल त्यानं रांगेत उभं राहायचं नाही. नारायणाला नारायणाच्या दारात ताटकळत ठेवायचं नसतं. रीत चांगली, पण शेवटचा दिवस असल्यानं घाटावर जावयांचा सुकाळ झाला होता. ज्याला त्याला सासू सापडत होती. एका सत्तरीच्या आजोबांनी पन्नाशीच्या बाईला पुढं केलं, तेव्हा नावांचा मुखत्यार किसन भोई म्हणाला, "आजा, ही तुमची सासू हाय का सून?" सगळी रांग खदखदली. किसन भोई काळाभोर, उंच, पांढऱ्या मिशांचा. तो कुणाला नाव-गाव विचारत नव्हता. फक्त बघत उभा राहायचा आणि खरा जावई कोण, खोटा कोण ते सांगायचा. त्याची परीक्षा मला थोड्या वेळानं उमगली. आमच्या भागात खरी सासू जावयासमोर पदर पुढं ओढून अंग चोरून उभी राहते, त्याच्याशी तोंड वर करून बोलत नाही, काही सांगायचं तर लेकीच्या मार्फत सांगते. खोट्या सासवा या घाईत विसरायच्या आणि जावयाला दंडाला धरून ओढायच्या. किसन भोई हसून त्यांना रांगेत धाडायचा. मनातल्या मनात मी त्याला पैकीच्या पैकी गुण दिले. मग माझं मलाच वाईट वाटलं, कारण आमच्याकडं खोटी सासूसुद्धा नव्हती.

आमच्यापुढं एक म्हातारं जोडपं होतं. आबा बारीक, डोक्याला मळकट पांढरं मुंडासं. त्यांची बाई ठेंगणी, कपाळावर आडवं कुंकू, आणि दोन्ही हातांत लाल फडक्यानं झाकलेलं तांब्याचं ताट. ते ताट तिनं एकदाही खाली ठेवलं नाही. तिनं वळून ह्यांच्याकडं पाहिलं, आबांना तांब्या पुढं करायला लावला आणि मला म्हणाली, "लय अशक्त दिसायलेत. कवाधरनं हाय बिमारी?" मी सांगितलं. मग तिनं तो नेहमीचा प्रश्न विचारलाच, "माहेर कुठलं माय तुझं?" मीही नेहमीचं उत्तर फेकलं, "वसतिगृह. आईवडील नाहीत." बोलताना माझा आवाज चढला असावा, कारण मागं उभी असलेली हिरव्या लुगड्यातली बाई गप्प होऊन ऐकू लागली. म्हातारीची मात्र पंचाईत झाली नाही. ताट सावरून घेत ती म्हणाली, "तिथं थंडीच्या दिवसांत आंगुळीला ऊन पानी भेटायचं का?"

इतक्या वर्षांत हे मला कुणी विचारलं नव्हतं. मी म्हणाले, "नाही." एवढंच म्हणाले.

मग तीच बोलत राहिली. ती दोघं बोरीची. पाच एकर कोरडवाहू, एकच लेक होती, शांता. सहा वर्षांमागं पहिल्या बाळंतपणात गेली. जावयानं दुसरं लग्न केलं. "चांगला मानूस हाय त्यो," ती म्हणाली, "पन आता त्याला दुसरी सासू हाय. आपुन कामून आडवं जावं?" तरी धोंड्याचा महिना आला की ती अनारसे करायची, ताट घेऊन इथं यायची, साध्या रांगेत उभी राहायची आणि वाण देवाच्या पायरीवर ठेवून परत जायची. जावयाच्या नावेकडं तिनं कधी पाहिलंही नव्हतं.

दोन वाजायच्या सुमारास वरच्या अंगाला आभाळ काळं झालं. पाण्याचा रंग बदलला, काठाची एक पायरी बघता बघता बुडाली. किसन भोयानं छोट्या नावेवरून हाळी दिली, "जावयाची ही शेवटची नाव. पानी वाढायलंय." रांगेत कुजबुज झाली. हे उठून उभे राहायला गेले आणि त्यांचा तोल गेला. मी धरायच्या आधी त्या म्हातारीनं खांद्याचा टेकू दिला. ताट तिनं तेवढ्या वेळात आबांच्या हातात सरकवलं होतं. ह्यांना सावरून तिनं माझं मनगट पकडलं.

"चल," ती म्हणाली. "माजा जावई हाय म्हून सांगते."

मी हात सोडवायला लागले. पुढं शेवटची नाव उभी होती आणि मी भांडत होते ती रांगेसाठी. मी म्हणाले, "मावशी, मी रांग मोडत नाही. आणि खोटं मला जमत नाही."

"तुला कोन बोलायला सांगितलंय? मी माज्या तोंडानं बोलते. तू निस्ती चाल." आणि मग हलकेच, "सहा वर्सं झाली माय. ताट जड व्हायलंय."

देवाची हाक असते कशी, हे मला आजही सांगता येणार नाही. मला तिचा हात ऐकू आला, एवढंच म्हणेन. मी रांगेतून पाय बाहेर काढला. बावीस वर्षांची नोकरी असती तरी ती त्या क्षणी पणाला लागली असती, असं मला वाटलं. नोकरी तेव्हा उणीपुरी सहा वर्षांची होती.

फळीपाशी पोचलो. किसन भोई कमरेवर हात ठेवून उभा. म्हातारीनं पदर पुढं ओढला, ह्यांच्याकडं पाठ केली आणि मला म्हणाली, "बाय, त्यान्ला म्हनावं, फळी वली हाय, पाय सांबाळून." तिनं ते इतकं सहज केलं की मी खरोखरच ह्यांना सांगायला वळले. सहा वर्षं न वापरलेली रीत तिच्या अंगात तशीच होती. सगळं ठीक झालं असतं. पण माझ्या नवऱ्याला जन्मात सासू नव्हती. सासूपुढं कसं वागायचं हे त्यांना कुणी शिकवलेलंच नव्हतं. म्हातारी फळीवर अडखळली, आणि हे स्वतः थरथरत असताना हात पुढं करून म्हणाले, "मावशी, धरा मला."

जावयानं सासूचा हात धरायचा, आणि तिला मावशी म्हणायचं. किसन भोयाच्या भिवया वर गेल्या. तो म्हणाला, "ही कुठली रीत?"

आबा तोवर एक शब्द बोलले नव्हते. ते म्हणाले, "बिमारीतून उठलेत ते. रीत कुठली ध्यानात ऱ्हातीय."

किसन भोयानं आमच्यामागं असलेल्या रांगेकडं पाहिलं. त्या रांगेतल्या दहा-वीस माणसांनी माझं वसतिगृहाचं उत्तर स्पष्ट ऐकलं होतं. एकानं तोंड उघडलं असतं तर खेळ संपला असता, आणि तसं करायचा त्यांना पूर्ण अधिकार होता. आता कुणीतरी बोलेल, म्हणून मी मान खाली घातली. हिरव्या लुगड्यातली ती बाई मोठ्यानं म्हणाली, "आवो बसू द्या की त्यान्ला. जावईच हायत ते. आमी सकाळधरनं बगायलोत." ती स्वतः आमच्या मागून आली होती. सकाळी ती पाथरीतसुद्धा नसेल.

"बसा," किसन भोई म्हणाला.

नाव सुटली. पाणी बाजूंना आपटत होतं, नाव तिरपी होत होती, आणि मला पुराची नाही, खोटेपणाची भीती वाटत होती. मी म्हातारीला म्हणाले, "देवाच्या दारात खोटं बोलून चाललोय आपण." ती ताटाला दोन्ही हातांनी कवटाळून बसली होती. म्हणाली, "अजून खोटं हाय. वान दिलं की खरं हुईल."

देवळाच्या ओवरीत तिनं ह्यांना दगडी ओट्यावर बसवलं. तांब्यातल्या पाण्यानं पाय धुतले. कुंकू लावताना तिचा पदर पुढं होता आणि बोट बरोबर कपाळाच्या मधोमध पडलं. आबांनी खांद्यावरचं उपरणं काढून ह्यांच्या खांद्यावर घातलं, जुनंच होतं, पण धुतलेलं. तांब्याचं ताट ह्यांच्या हातात आलं तेव्हा हे ढसाढसा रडले. एकवीस दिवसांच्या तापात ते रडले नव्हते. मग आम्ही दोघांनी, ठरलं होतं तसं दोघांनी मिळून, तेहतीस दिवे लावले. वारा इतका होता की तीन-चार पुन्हा पुन्हा विझत होते. ते आबा ओंजळीत धरून बसले. नारायणाची मूर्ती काळी, डोळे अर्धे मिटलेले. मी हात जोडले आणि मागायला काही आठवेना.

बाहेर आले तर पाणी बरंच चढलं होतं. किसन भोयानं नावा थांबवल्या होत्या. बेटावरच्या माणसांना परत नेण्यापुरत्याच आता त्या चालणार होत्या. पलीकडची ती रांग, ते चारशे लोक, आता येणार नव्हते. माझ्या गणितापेक्षाही लवकर दार बंद झालं होतं. मला वाटलं, गोंधळ होईल, शिव्या ऐकू येतील. पण आभाळ भरून अंधारल्यासारखं झालं होतं आणि त्या अंधुक उजेडात पलीकडच्या काठावर एक दिवा लागला. मग दुसरा. रांगेत उभ्या असलेल्या माणसांनी जिथल्या तिथं आपापले दिवे पेटवले होते. पाण्यापासून पिंपळापर्यंत, पिंपळापासून पालांवरून मारुतीकडं, दिव्यांची ती ओळ वळणं घेत गेली होती. कुणी जागा सोडली नव्हती. अशी रांग मी माझ्या शाळेत एकदाही लावू शकले नव्हते. माझी मान ताठ झाली, माझी माणसं आहेत ही, माझ्या जिल्ह्याची, असं वाटून गेलं. आणि दुसऱ्याच क्षणी कळलं की देव त्यांना तिथंच पोचला होता. त्याला नावेची गरज नव्हती. नारायणापर्यंत पोचायला मला रांग मोडावी लागली नव्हती. रांग मोडावी लागली होती ती त्या म्हातारीपर्यंत पोचायला.

परत काठाला लागलो तेव्हा किसन भोयानं उतरताना ह्यांचं ताट धरायला हात पुढं केला आणि म्हातारीला म्हणाला, "काकू, दोन धोंडे झाले, वान घेऊन मागंच हुब्या ऱ्हायच्या. अवंदा नावंत बसल्या, बरं वाटलं." म्हणजे त्याला सगळं ठाऊक होतं. तो आमच्याकडं बघून हसलाही नाही, दोर गुंडाळायला लागला. हे ताट घेऊन सरळ रांगेकडं गेले आणि पहिला अनारसा त्यांनी हिरव्या लुगड्यातल्या बाईला दिला. मग अर्धा-अर्धा, मग पाव-पाव, करत ते पिंपळापर्यंत गेले. पाय थरथरत नव्हते, की मला दिसले नाहीत, देव जाणे. आमच्या वाट्याला एक उरला.

निरोप घेताना म्हातारीनं फक्त माझ्या शाळेचं गाव विचारलं. मीही जास्त काही म्हणाले नाही. घाटावर जुळलेलं घाटावर राहतं, हे मला कळत होतं. यात्रेत माणसं गळ्यात पडतात आणि घरी गेल्यावर विसरतात. त्यांनी विसरावं असं मी स्वतःला दोन दिवस बजावत होते. दुखण्याआधीच औषध घेऊन ठेवायची मला सवय होती.

अधिक महिना संपला आणि निज श्रावण लागला. पंचमी तोंडावर आली. आमच्याकडं पंचमीला लेकी माहेरी जातात. गावातल्या एकेका घरी मुराळी येत होता, कुणाचा भाऊ, कुणाचा बाप, लेकीला न्यायला. दर वर्षी या दिवसांत मी शाळेत जास्त वेळ थांबायची. चतुर्थीच्या आदल्या सकाळी मुलं प्रार्थनेला उभी होती. मी नेहमीप्रमाणे पुढं उभी राहून म्हणाले, "रांग सरळ." मुलं सरकली. चौथीच्या रांगेच्या शेवटी, सगळ्यात उंच मुलाच्याही मागं, एक मळकट मुंडासं दिसलं. आबा हात जोडून, काखेत गाठोडं धरून रांगेत उभे होते. माझ्या शब्दासरशी त्यांनीही पाय जुळवले आणि पुढच्या पोराच्या डोक्यामागं डोकं आणलं.

प्रार्थना संपेपर्यंत मी थांबले नाही. मी मुलांच्या मधून धावत गेले. दोन पोरांना धक्का लागला, रांगा पार विस्कटल्या, आणि मुलं तोंडं वासून बघत राहिली. आबा म्हणाले, "प्रार्थना चाललीय, म्हून मागं हुबारलो. तुज्या मायनं धाडलंय. पंचमीला न्यायला आलो." गाठोड्यात हिरव्या बांगड्या होत्या आणि ह्यांच्यासाठी अनारशांची वेगळी पुरचुंडी. तिच्यासोबत निरोप होता, जावयाला म्हनावं, अजून तेहतीस.

जे आयुष्यात मिळालं ते पाळी आल्यावर मिळालं, असा मला गर्व होता, आणि तो खोटा नव्हता. पण ज्यानं मी खऱ्या अर्थानं श्रीमंत झाले ते पाळीनं आलं नाही. ते माझ्या हिशेबात कुठंच नव्हतं. एका बाईनं मनगट धरलं आणि मी चालले, एवढाच माझा त्यातला वाटा. त्या चालण्यालाच शरण जाणं म्हणत असतील तर मी एकदा शरण गेले आहे, आणि तो दिवस दाखवल्याबद्दल बेटावरच्या त्या अर्धे डोळे मिटलेल्या नारायणाची मी ऋणी आहे. रांग मी आजही मोडू देत नाही. फक्त रांगेत कोण किती दमलंय, हे आता बघते.

त्या दिवशी रजेचा अर्ज लिहिला. दर वेळी कारण म्हणून मी 'घरगुती' लिहायची. या वेळी 'माहेरी जाणे' असं लिहिलं, अक्षर जरा ठळक आलं. आमच्या मोठ्या गुरुजींनी अर्ज वाचला, चष्मा कपाळावर नेला आणि माझ्याकडं पाहिलं. त्यांना माझं सगळं ठाऊक होतं. तरी त्यांनी विचारलं, "बाई, माहेर कुठलं म्हणालात?"

"बोरी," मी म्हणाले. आवाज मोठा झाला असावा, कारण पडवीत बसलेल्या आबांनी मान वर केली.